नॅरोबोट विकून मोटरहोम घ्यायची म्हणता, तर आधी धर्मकाट्यावर चला

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही दोघं साडेपाच वर्षं इंग्लंडच्या कालव्यांवर 57 फुटी नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यासाठीच्या लांब, अरुंद बोटीत, राहताय. तुमचं माहेर भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडचं, यजमानांचं घर अमरावती जिल्ह्यात. दोन्हीकडचे आईवडील थकलेत, म्हणून बोट विकून परत यायचं ठरतंय. पण एकदम चार भिंतींत कोंडून घ्यायला मन तयार नाही, तेव्हा मोटरहोम घ्यावी का, किती मोठी, आणि बोटीवरचा अनुभव किती कामी येईल?

मी सात वर्षं बोटीवर काढली, बहुतेक ग्रँड युनियन कालव्यावर. परत येऊन आता पाचवं वर्ष आहे. गाव पवनीपासून जवळ, गाडी फोर्स ट्रॅव्हलर या व्हॅनवर बांधलेली. आधी उत्तर देतो, कारणं मागून. गाडी घ्या, पण वीस फुटांच्या आतली. आणि गाडीच्या आधी ती उभी करायची जागा नक्की करा. बोटीवरच्या सवयी निम्म्या उपयोगी पडतील. उरलेल्या निम्म्या तुम्हाला खड्ड्यात घालतील, कारण त्या चुकीच्या आहेत हे लवकर कळतच नाही.

उपयोगी पडणाऱ्या तुम्हाला माहीतच आहेत. टाकीत पाणी किती उरलंय हे नळाच्या आवाजावरून ओळखणं, बॅटरीचा आकडा बघून मगच मिक्सर लावणं, एक वस्तू आत आली की एक बाहेर काढणं. ज्यांनी बंगला सोडून मोटरहोम घेतली त्यांची पहिली दोन वर्षं यातच जातात.

आता उलटं. बोटीत वजनाचा विचार आपण कधी केला? बोट नीट बसावी म्हणून तळाशी विटा आणि फरशा आपणच भरतो. पंधरा-सोळा टनांच्या बोटीत ओतीव लोखंडाची शेगडी, कोळशाची पोती, पुस्तकांचं कपाट, पाचशे लिटर पाणी, कशाचंच काही वाटत नाही. त्याच डोक्यानं मी गाडी बांधून घेतली. सुताराला म्हटलं, मजबूत कर. त्यानं 19 मिलिमीटरच्या प्लायचे पलंग केले आणि स्वयंपाकाला चक्क कडाप्प्याचा ओटा बसवला. मला तो फार आवडला होता. दोनशे लिटरची टाकी, इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, शिवाय आईचा पाटा-वरवंटा.

पहिल्याच फेरीत गतिरोधकावर मागचा भाग असा काही आपटला, की शंका आली. गावाजवळच्या राइस मिलवर धर्मकाटा आहे, तिथे गाडी घातली. दिवाळीनंतरचे दिवस, मागे धानाच्या ट्रॅक्टरांची रांग. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कोणता धान आणला जी?"

म्हटलं, "धान नाही, घर आहे."

"घर तोलता का जी?" तो बाहेरच आला. चिठ्ठी निघाली तेव्हा आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा आम्ही 310 किलो वर होतो, आणि त्यातलं बहुतेक मागच्या चाकांवर. त्यानं चिठ्ठी हातात देत सांगितलं, "वहिनीले उतरवून पुन्हा तोला." ही आतून हसत होती, मला मात्र घाम फुटला होता.

त्या आठवड्यात कडाप्पा निघाला, तो आता अंगणात तुळशीपाशी आहे. दोन्ही बॅटऱ्यांचं मिळून शंभर किलोच्या वर ओझं होतं. त्यांच्या जागी 200 अँपिअर-अवरची एक लिथियम फॉस्फेट बॅटरी आली, ती पंचवीस किलोच्या आत. टाकी 90 लिटरची केली. पलंग पातळ प्लायचे झाले. पाटा घरी, वरवंटा तेवढा हिनं हट्टानं ठेवला. तुम्ही गाडी बांधून घ्याल तेव्हा तीनदा तोला: रिकामी, सामानासकट, आणि पाणी-माणसं-डिझेल सगळं भरून. नुसतं एकूण वजन नको. आधी पुढची चाकं, मग मागची, असं वेगवेगळं घ्या. काट्याचे पैसे अगदी किरकोळ लागतात. जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. छतावर फक्त सोलर.

आणि बोटीला टायर नसतात. ऐकायला वेडगळ वाटेल, पण माझ्या ध्यानीमनी नव्हतं, की घराचा असा एक भाग आहे जो नुसता उभा राहूनही म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2322 म्हणजे 2022 सालचा 23वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसो, सहा वर्षं झाली की बदला. हवा सकाळी, चाक थंड असताना तपासा. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, बहुतेक सिमेंटचा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी त्यावर भरलेली गाडी घालायची वेळ आली, तर पहाटे निघा आणि दहाला थांबा. माझा काटा ऐंशीच्या वर जात नाही. मागून येणारे हॉर्न देतात, देऊ द्या. आपण ताशी चार मैलांच्या मर्यादेत राहिलेली माणसं.

आता थांबण्याचं. मुख्य अडचण इथेच आहे. तिकडे कायमचा मूरिंग, म्हणजे बोट बांधायची ठरलेली जागा, नसला तरी लायसन्स भरून एका जागी चौदा दिवसांपर्यंत बोट बांधता येते, मग पुढे सरकायचं. खुंटी ठोकताना कुणाला विचारावं लागत नाही, कालवा ज्या ट्रस्टकडे आहे तो नियम लावतो, बस. ही सवय हाडात मुरते. इथे येऊन मी पहिल्या महिन्यात एका मालगुजारी तलावाच्या (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तळ्याच्या) पारीवर, म्हणजे बांधावर, संध्याकाळी गाडी लावली. पाणी, कमळं, पलीकडे सारस नव्हते पण बगळे होते, मला वाटलं घरीच आलो. अंधार पडल्यावर पाच माणसं आली. रागावलेली नव्हती, पण विचारत होती. तेव्हा कळलं, की तलाव सरकारी, त्यातली मासळी मच्छीमार सोसायटीची, पारीखालची बांधी, म्हणजे धानाचं शेत, कुणाची तरी, आणि ज्या वाटेवर मी गाडी लावली होती ती रात्री पाण्याची पाळी असलेल्याची. आपल्याकडे मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. तिच्यावर तीन-चार जणांचा हक्क असतो आणि तो कुठेच पाटीवर लिहिलेला नसतो.

तेव्हापासून पद्धत ठरली. उजेड असतानाच गावात शिरायचं. गाडी रस्त्याला ठेवून पायी आत जायचं. आधी पानठेल्यावर चहा, मग पोलीस पाटील किंवा सरपंच. नाव, गाव, कुणाच्या घरचे, किती रात्री, हे आपणच सांगायचं. विदर्भात "कोन्या गावचे जी?" याचं उत्तर पटलं, की जागा मिळते, वर जेवायला बोलावणं येतं. शाळेचं मैदान, देवस्थानाचं आवार, ढाबा, पेट्रोल पंप, कुणाचं खळं, सगळीकडे राहिलोय. पैसे कुणी घेतले नाहीत. धर्मशाळेत मात्र पावती फाडतोच. गाडी पहिल्यांदा गावात शिरली की ती फिरता दवाखाना समजली जाते. दोन ठिकाणी बायका लेकरं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, फार ओशाळलो. आता दारावर मोठ्या अक्षरात 'राहते घर' लिहून घेतलंय.

जंगलाच्या कडेला शौक म्हणून थांबू नका. ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागात वाघ गावाशी येऊन पोचलाय. मोहफुलं आणि तेंदूपानाच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, पहाटे रानात गेलेली माणसं दरवर्षी जिवाला मुकतात. तिथे गावाच्या मध्ये थांबायचं, आणि पहाटे दार उघडण्यापूर्वी खिडकीतून बॅटरी मारायची.

पश्चिमेकडे गेलात, तर प्रश्न मातीचा. वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ, अमरावती, सगळी काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि वर गाडी अशी ठाम उभी राहते जशी सिमेंटवर. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात हिंगणघाटकडे एकाच्या वावरात, त्याच्याच परवानगीनं, धुऱ्याला लागून उभा होतो. दुपारी तो सायकलवरून आला आणि आभाळाकडे बघून म्हणाला, "कायी माती हाये भाऊ. पानी आलं का गाडी निंगत नाई." मी म्हटलं, सकाळी काढतो. रात्री दीड तास पाऊस पडला. सकाळी मागचं चाक आसापर्यंत आत. माती चाकाला अशी लपेटली होती की चाक गोल राहिलं नव्हतं. त्याचाच ट्रॅक्टर, त्याचीच साखळी, आणि तरी अडीच तास. बोट गाळात रुतली तर खांबानं ढकलून किंवा कुणी पाणी सोडलं की सुटते, इथे पाणीच रुतवतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चाकं मुरुमावर नाहीतर डांबरावर, मातीवर नाही.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पावसापेक्षा तोच जास्त परीक्षा बघतो. बोटीवरचं सगळं इन्सुलेशन, सगळी हुशारी थंडी बाहेर ठेवण्यासाठी. आपली भांडणं काचेवर साचणाऱ्या पाण्याशी आणि भिंतीवरच्या बुरशीशी. इथे मेमध्ये पारा 45च्या पुढे आणि पत्र्याची गाडी उन्हात बंद उभी असेल, तर आत त्याहून जास्त. छत पांढरं रंगवा. त्यावर वीतभर उंच, मधून वारा खेळेल अशी हिरवी जाळी ताणा. माझ्या थर्मामीटरवर नुसत्या जाळीनं आत सहा अंशांचा फरक पडला.

एसीचा मोह टाळा. पाऊण टनाचा एसी सातशे-आठशे वॅट खातो, आणि 200 अँपिअर-अवरच्या लिथियममध्ये साधारण अडीच युनिट वीज असते. तीन तासांत घर अंधारात. आपला साधा कूलर कोरड्या मेमध्ये एसीला मागे टाकतो. मी बारा व्होल्टचा पंखा आणि पंप लावून छोटा कूलर बनवून घेतलाय, साठ वॅटचा. रात्रभर चालला तरी पाऊण युनिटाच्या आत. छतावर 400 वॅटचे पॅनेल आहेत, पण पाटीवरचा आकडा धरून चालू नका. पॅनेल तापलं की दर अंशाला सुमारे 0.4 टक्के उत्पादन घटतं आणि आपल्या छतावर ते 65-70 अंशांना सहज जातं. ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असं होत नाही. बॅटरीही पलंगाखाली बंद पेटीत ठेवू नका. बहुतेक कंपन्या 45 अंशांच्या पुढे लिथियम फॉस्फेट चार्ज करू नका म्हणतात, आणि आपल्याकडे ती दुपारी दोनलाच तिथे पोचते. मी पेटीला जाळी आणि एक लहान पंखा लावलाय. कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावायची तर पॅनेल उन्हात कसे, हाही पेच येतो. एक सुटं घडीचं पॅनेल आणि दहा मीटर वायर ठेवा.

कूलर बारा व्होल्टचाच का, याला कारण आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. ओला पत्रा, उघडे पाय, आणि भिंतीत तीन भोकांचं सॉकेट असलं म्हणजे त्याला अर्थिंग असेलच असं नाही. बाहेरून वीज घ्याल तिथे गाडीत शिरताच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, हवाच. बोटीवर तो होता म्हणून मी इथे गृहीत धरला. ज्यानं वायरिंग केलं त्यानं तो लावलाच नव्हता, आणि बॅटरीजवळ फ्यूजही नव्हता. एका रात्री रबर जळाल्याचा वास आला म्हणून वाचलो. त्या माणसाचं नाव घेत नाही, तो बसगाड्या छान बांधतो. बसमध्ये कुणी झोपत नाही, एवढंच. गावातला व्होल्टेज रात्री वर-खाली नाचतो, म्हणून चार्जरच्या आधी चांगला स्टॅबिलायझर. माझा एक चार्जर यातच गेला.

कूलर पाणी पितो, दुपारी तासाला तीन-चार लिटर. ते टाकीतलं नको, गावच्या नळाचं बादलीनं. आणि पाणी कुठलं हे विचारून भरा. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. एका आठवड्यात कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो आणि पंप अडकतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याचं वेगळं, कॅनमध्ये.

शौचालयाबद्दल संकोच न करता लिहितो. कॅसेट, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करायचं शौचालय, आणू नका. तिकडे ती रिकामी करायला ठिकठिकाणी सोय असते, इथे ती मला कुठे दिसली नाही. आणि त्यात घालायचा तो निळा द्रव कुणाच्या सेप्टिक टँकमध्ये ओतलात, तर तिथले जंतू मरतात आणि पुन्हा त्या दारात उभं राहता येत नाही. आम्ही कोरडं शौचालय वापरतो, लघवी वेगळी करणारं. बोटीवर लोक यासाठी नारळाचा भुसा विकत आणतात. आपण धानाच्या पट्ट्यातले, राइस मिलवर तूस पोत्यानं मिळतं. त्यात मूठभर राख. वास येत नाही, पाहुण्यांनी खात्री करून घेतलीय. भरलेला डबा घरामागच्या खड्ड्यात, वर्षभर कुजू द्यायचं, मग आंब्याच्या बुडाशी. भाजीच्या वाफ्यात नाही.

कागदपत्रं. तिकडची मोटरहोम इकडे आणायच्या फंदात पडू नका. जकात आणि नियम दोन्ही आडवे येतात. इथे घेतलेल्या प्रवासी व्हॅनला घरच्या घरी ओटा-पलंग बसवणं म्हणजे मोटर वाहन कायद्याच्या कलम 52खाली येणारा बदल. परवानगीशिवाय केलात, तर अपघातानंतर विमा कंपनी हेच कागद पुढे करते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे, त्याप्रमाणे मंजुरी असलेल्याकडूनच बांधून घ्या आणि आरसीवर कॅम्पर व्हॅन, खासगी वापर, असं चढवा. 7,500 किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं. माझी गाडी आरसीवर कित्येक महिने प्रवासी वाहनच राहिली, कारण मी बांधणी आधी आणि विचारणा नंतर केली. आधार, बँक, गॅस, विमा, सगळ्याला दरवाजाचा पत्ता लागतो, तो माहेरचा किंवा सासरचा द्या. गॅसचा 5 किलोचा सिलिंडर पुरतो. पेटी बाहेरून उघडणारी आणि तिच्या तळाला भोक हवं, बोटीवरच्या लॉकरसारखंच. गॅस हवेपेक्षा जड, तो खालूनच गेला पाहिजे.

किरकोळ त्रास बरेच. रामटेकला माकडांनी सोलरची वायर ओढून काढली. धान कापणीनंतर उंदीर बोनेटमध्ये येतात. मार्चमधल्या गारपिटीनं छताची झडप फोडली. गावात विजेच्या तारा लोंबतात, गाडीची उंची काचेसमोर लिहून ठेवा, तिकडे पुलांसाठी लक्षात ठेवायचो तशी.

आता खरं सांगायचं ते. आमची गाडी वर्षात साडेचार-पाच महिनेच फिरते. ऑक्टोबरअखेर ते मार्च. मेमध्ये पंधरा दिवस चिखलदऱ्याला, 1,100 मीटरवर, कारण तिथे रात्री चादर लागते. परतवाड्याहून वर जाताना दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता. उरलेले महिने ती अंगणात मुरुमाच्या ओट्यावर, कडुनिंबाखाली, घराकडे दार करून उभी. आम्ही झोपतो गाडीत, जेवतो घरात. वडील असेपर्यंत त्यांना पायरी चढवायची नाही, म्हणून संध्याकाळी आम्हीच खाली खुर्च्या टाकायचो. ते रोज विचारायचे, उद्या निघता का रे? आम्ही म्हणायचो, नाही. तुमचे आईवडील थकलेत म्हणता, तर गाडीचा मोठा उपयोग तुम्हाला हाच होईल: लाखांदूर आणि अमरावती, दोन्ही अंगणांत स्वतःची खोली. म्हणूनच वीस फुटांच्या आत म्हटलं. त्याहून लांब गाडी गावच्या बोळात वळत नाही.

बोट वसंतात विका, मार्च ते जून गिऱ्हाईक असतं. आधी तळाला काळा रंग काढून घ्या आणि पत्र्याची जाडी मोजून ठेवा. चार मिलिमीटरच्या खाली गेली, तर विमावाले कुरकुरतात आणि भाव पडतो. इथे ऑक्टोबरमध्ये या. लगेच गाडी बुक करू नका. भाड्याची कॅराव्हॅन घेऊन दहा दिवस दोन्ही गावांच्या मध्ये फिरा, आणि जमलं तर एकदा एप्रिलच्या दुपारी तिच्यात बसून बघा.

सामानात बोटीचे दोर घेऊन या, इथे तसे मिळत नाहीत. मी त्यांनी जाळी बांधतो. मागे तलावाजवळ एक ढिवर, म्हणजे मच्छीमार, गडी बराच वेळ माझे हात बघत उभा होता. मग गाठ सोडून त्यानं पुन्हा मारली, एक वेढा जास्त घालून, आणि म्हणाला, "असी मारा जी. डोंगा सुटत नाही, तं जाळी काय सुटन?" मे महिन्याच्या वादळात बाजूचं टिनाचं छप्पर उडालं, जाळी जागेवर होती. आणि लॉकची, म्हणजे कालव्यातल्या पाणदारांची, चावी बोटीबरोबर देऊन टाकू नका. खुंट्या ठोकायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही.